धुरातील तेल

रायगड जिल्ह्यातील कातकरी कोळसा पाडतात, तेव्हा लाकडे रचून त्यांवर पाला व माती लिंपतात. आत विस्तव असतो. परंतु हवा बेताचीच मिळत असल्यामुळे लाकडाची राख होत नाही. मंद आचेवर ते कित्येक दिवस भाजत राहते आणि भट्टीतून दाट धूर निघत असतो. कोळसा हाती येतो, धूर आकाशात जातो. या धुरातच एक द्रव इंधन दडलेले असते.

हवेवाचून केवळ उष्णतेने पदार्थाचे घटक अलग होणे, यास औष्णिक अपघटन म्हणतात. लाकूड सावकाश तापविले, तर कोळसा अधिक मिळतो. तेच झटकन तापवून निघालेल्या वाफा तत्काळ थंड केल्या, तर तेल अधिक मिळते. भट्टीवाल्याचा सारा भर धीरावर. येथे मात्र घाईलाच मोल आहे! नेदरलँड्समधील हेंगेलो येथे २०१५ साली असा एक कारखाना सुरू झाला. तेथे लाकडाचा सुका चुरा तापलेल्या वाळूबरोबर एका फिरत्या शंकूत घुसळतात. उष्णतामान सुमारे ५०० अंश सेल्सिअस असते. निघालेल्या वाफांवर थंड तेलाचाच फवारा मारतात. हे सर्व दोनएक सेकंदांत उरकावे लागते; उशीर झाल्यास वाफांचे आणखी विघटन होऊन त्यांचा वायू बनतो व तेल घटते. मागे राहिलेला कोळसा जाळून वाळू पुन्हा तापवितात. अशा रीतीने १०० किलोग्रॅम चुऱ्यापासून ६० ते ७० किलोग्रॅम काळपट तेल मिळते.

हे तेल मोटारीच्या टाकीत ओतता येईल काय? नाही. त्यात जवळजवळ चौथा हिस्सा पाणी असते. व्हिनेगरमधील आम्लही त्यात असल्याने साधे लोखंड गंजते. ते डिझेलमध्ये मिसळत नाही, साठविल्यास घट्ट होत जाते, आणि तेवढ्याच वजनाच्या डिझेलच्या निम्मीही उष्णता देत नाही. याचे मूळ लाकडातच आहे. लाकडात प्राणवायू पुष्कळ असतो; म्हणजे एका अर्थाने ते आधीच थोडे जळलेले असते! हा प्राणवायू काढण्यास हायड्रोजन लागतो आणि तो स्वस्त नाही. म्हणून हेंगेलोच्या तेलाला पहिले काम मिळाले ते बोर्कुलो गावच्या दुधाच्या कारखान्यात. तेथे नैसर्गिक वायूऐवजी हे तेल बॉयलरखाली जाळून वाफ तयार करण्यात आली.