पाच लिटर रक्त आणि दहा जणांची झोप

टीवाय बीएस्सी झूऑलॉजीच्या मुलांची परीक्षेआधीची उजळणी मी बरीच वर्षं घेते आहे. वेळापत्रक दरवर्षी तेच असतं. फिजिऑलॉजी महिनाभर घोकायची आणि बायोस्टॅटची सूत्रं ‘शेवटच्या दोन रात्रींत बघू’ म्हणून बाजूला टाकायची. हे दोन विषय वेगवेगळे वाचले की दोन्ही जड जातात, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. ते कशामुळे झालं, ते खाली लिहिते.

१. वही एकच ठेवा

पुस्तकात छापलंय, विश्रांतीत हृदयाचे ठोके मिनिटाला ७२. हा आकडा डाव्या पानावर लिहा. उजव्या पानावर वर्गातल्या मुलांची नाडी मोजून लिहा. कबड्डी खेळणाऱ्या मुलाची ५८ निघते, एसटी चुकू नये म्हणून धावत आलेल्या मुलीची ९६. पुस्तकातला ७२ कुणाचाच नसतो, हे पहिल्याच दिवशी कळतं. मग धावत आलेल्या मुलीला वगळून सरासरी काढा, धरूनही काढा आणि मध्यक किती हलतो ते बघा. सरासरी आणि मध्यक यांतल्या फरकावर वेगळं टिपण काढायची गरज उरत नाही.

२. पाठ करण्याआधी गुणाकार करा

एका ठोक्याला हृदयातून साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. गुणिले ७२, म्हणजे मिनिटाला पाच लिटरच्या थोडं वर. प्रौढ माणसाच्या अंगात रक्तच मुळी पाचेक लिटर. म्हणजे मिनिटभरात जवळपास सगळं रक्त एक फेरी मारून येतं. विल्यम हार्वेने १६२८ साली हाच हिशेब मांडला होता. अर्ध्या तासात हृदय जेवढं रक्त पुढे ढकलतं, तेवढं अख्ख्या शरीरातही नसतं. मग यकृत अन्नातून सतत नवं रक्त बनवतं ही गॅलेनपासून चालत आलेली समजूत टिकणार कशी? रक्त फिरतच असलं पाहिजे. केशवाहिन्या त्याने पाहिल्या नव्हत्या. त्या माल्पिगीला सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या १६६१ साली, हार्वेच्या मृत्यूनंतर. वाहिन्या दिसण्याआधी गणिताने त्या असायला हव्यात हे सांगितलं. मला तर हा सगळ्या अभ्यासक्रमातला सर्वांत देखणा भाग वाटतो, आणि मुलं तो ‘शास्त्रज्ञांचे योगदान’ म्हणून दोन ओळींत उरकतात.

मूत्रपिंडाचंही तसंच. मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळलं जातं, दिवसाला १८० लिटर. लघवी होते दीड लिटरच्या आसपास. शरीरात प्लाझ्मा तीन लिटर धरला, तर तो दिवसातून साठ वेळा गाळून निघतो. पुनर्शोषण ९९ टक्के का म्हणतात, ते यानंतर कुणी विसरत नाही.

श्वासाचा हिशेब तर फळ्यावर करूनच घ्यावा. एका श्वासात ५०० मिलिलिटर हवा, त्यातली १५० श्वासनलिकांतच राहते, तिथे वायूंची देवाणघेवाण होत नाही. मिनिटाला १२ श्वास धरले तर आत गेलेली हवा सहा लिटर, पण वायुकोशांपर्यंत पोचलेली ४.२ लिटर. आता माणूस धापा टाकतोय असं समजा: २५० मिलिलिटरचे २४ श्वास. आत गेलेली हवा तीच, सहा लिटर. वायुकोशांपर्यंत मात्र २.४ लिटरच. उथळ श्वासाने दम का लागतो याचं उत्तर दोन ओळींच्या वजाबाकीत मिळालं.

३. पाऱ्याच्या यंत्रावर १२१ येत नाही

जर्नल तपासताना मी रक्तदाबाचं पान आधी उघडते. ‘मॅडम, १२१/७९ आलं’ असं कुणी सांगितलं की मी यंत्र पुढे करते आणि म्हणते, दाखव बरं १२१ कुठे आहे. पाऱ्याच्या पट्टीवरच्या रेघा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. विषम आकडा तिथे वाचताच येत नाही, तो शेजारच्याच्या जर्नलवरून थोडा बदलून घेतलेला असतो. प्रामाणिक जर्नलांतही एक गंमत सापडते. शेवटी शून्य असलेले आकडे वाजवीपेक्षा फार: १२०, ११०, ८०. डोळा जाड रेघेकडे ओढला जातो. मोजणाऱ्याचा हा कल संख्याशास्त्राच्या धड्यात ‘बायस’ म्हणून येतो. तो लॅबमध्येच दाखवला की व्याख्या लिहून द्यावी लागत नाही.

४. मोजलेल्या पेशींचं वर्गमूळ काढा

न्यूबाउअर चेंबरमध्ये तांबड्या पेशी मोजताना पाच चौकोन घ्यायचे, म्हणजे ८० बारीक घरं. दोन बाजूंच्या रेघांवर बसलेल्या पेशी धरायच्या, समोरच्या दोन बाजूंवरच्या सोडायच्या. रक्त दोनशे पट पातळ केलेलं असतं, म्हणून मिळालेल्या आकड्याला दहा हजाराने गुणायचं. समजा ४०० पेशी मिळाल्या. घन मिलिमीटरला ४० लाख. पण पेशी चौकोनात कशा पडतील हा योगायोग आहे आणि अशा मोजणीची चूक ढोबळमानाने त्या आकड्याच्या वर्गमुळाएवढी असते: ४०० ला २०. म्हणजे ४० लाखांना दोन लाख इकडे-तिकडे, आणि ही नुसत्या योगायोगाची. पिपेट भरतानाची वेगळी. तेव्हा एकाचे ४५ लाख आणि दुसरीचे ४७ लाख आले म्हणून ‘पुरुष व स्त्रियांतील फरक’ असा निष्कर्ष कुणी लिहिला, तर मी तिथे लाल शाईने वर्गमुळाचं चिन्ह काढते आणि पुढे प्रश्नचिन्ह.

५. रिपोर्टमधली चांदणी

‘नॉर्मल रेंज’ बहुतेक वेळा अशी ठरते: निरोगी माणसं घ्यायची, त्यांच्यातल्या मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ठेवायचे. म्हणजे पाच टक्के निरोगी माणसं बाहेर पडणार, हे व्याख्येतच आलं. एका निरोगी माणसाच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर किमान एकीत आकडा रेंजबाहेर जाऊन त्यापुढे चांदणी येण्याची शक्यता ६४ टक्के. ०.९५ चा विसावा घात काढा आणि १ मधून वजा करा. प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा वेगळा येईल. संभाव्यतेच्या धड्याला फाशांपेक्षा हे उदाहरण बरं. घरोघरी रिपोर्टच्या फायली असतातच.

६. टी-टेस्ट झोपेवरून शिका

विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस कंपनीत कामाला होता. कंपनीतल्या माणसांनी स्वतःच्या नावाने लेख छापायचे नाहीत असा दंडक असल्याने त्याने ‘स्टुडंट’ हे नाव घेतलं आणि १९०८ साली तो प्रसिद्ध निबंध छापला. मुलांना वाटतं, उदाहरण बार्लीचं असणार. त्यात झोपेचं उदाहरण आहे! कुश्नी आणि पीबल्स यांनी दहा रुग्णांना झोपेची दोन औषधं देऊन पाहिलं होतं. पहिल्याने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, दुसऱ्याने २.३३ तास.

हे दोन वेगळे गट समजून टी काढला तर तो येतो १.८६. डिग्रीज ऑफ फ्रीडम १८, कोष्टकातली किंमत २.१०, फरक सिद्ध होत नाही. पण माणसं तीच दहा आहेत. म्हणून प्रत्येकाच्या दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा करा. फरक येतात १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६ आणि १.४. एकाला काहीच फरक नाही, उरलेल्या नऊही जणांना दुसरं औषध जास्त लागू पडलं. आता टी येतो ४.०६, डिग्रीज ऑफ फ्रीडम ९, कोष्टकात २.२६. आकडे तेच, निकाल उलटा. औषधाने मुळात कुणाची झोप जास्त वाढते, कुणाची कमी, हा माणसामाणसांतला फरक वजाबाकीत निघून गेला.

जिना चढण्याआधीची आणि नंतरची नाडी, जेवणाआधीची आणि नंतरची साखर, हे सगळे प्रयोग याच जातीचे. पेपरात उदाहरण आलं की आधी एवढंच विचारा: माणसं तीच आहेत का? निम्मे गुण इथेच ठरतात.

७. सातारा जिल्ह्यातला एक माणूस

पां. वा. सुखात्मे यांचं नाव आमच्या अभ्यासक्रमात नाही, ते असायला हवं होतं. १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. त्यांचं म्हणणं असं, की एकाच निरोगी माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक कमीजास्त होते. तेव्हा सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरला, तर भुकेल्यांचा आकडा फुगतो. यावर मोठा वाद झाला. वि. म. दांडेकरांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांच्या निष्कर्षांवर कडाडून टीका केली. कमी अन्नावर शरीर जुळवून घेतं खरं, पण कशाच्या बदल्यात, हा टीकाकारांचा प्रश्न मला रास्त वाटतो. कोण बरोबर ते बाजूला ठेवलं, तरी एका माणसातला चढउतार आणि माणसामाणसांतला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या वादाइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

स्वतःची नाडी पंधरवडाभर रोज उठल्या उठल्या मोजून तिचं प्रमाण विचलन काढा. वर्गाच्या विचलनापेक्षा ते बरंच लहान येईल.

८. थोडी घोकंपट्टी लागतेच

क्रेनियल नर्व्हजच्या बारा जोड्या, पिट्युटरीची हार्मोन्स, रक्त गोठण्याचे घटक यांना हिशेब लागू पडत नाही. ते सकाळी उठून पाठच करा. गोठण्याच्या घटकांत सहावा क्रमांक रिकामा आहे, व्हायवाला नेमकं तेच विचारतात. टीचं कोष्टक मात्र आमच्याकडे पेपरासोबत छापून मिळतं. तेही पाठ करून येणारी मुलं मी पाहिली आहेत.