आजारी लेकरापाशी परकी माणसे का उभी राहतात?

लहान मुलाला कर्करोग झाला हे कळले की गावात दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, पोर आता हाती लागत नाही. दुसरी, कुणाची तरी दृष्ट लागली. दोन्ही खोट्या आहेत. मुलांचा कर्करोग बहुधा पेशींत आपोआप झालेल्या बिघाडातून होतो. त्यात आईबापांचा दोष नसतो, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. श्रीमंत देशांत दहांपैकी आठांहून अधिक मुले बरी होतात. पुष्कळ गरीब देशांत मात्र दहांत तीनसुद्धा वाचत नाहीत. रोगाची ओळख उशिरा पटते, औषध मिळत नाही, ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण आहे, आणि शेतकऱ्याच्या घराला ते लगेच समजेल. ते म्हणजे उपचार अर्धवट सोडणे.

मुलांत सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग घ्या. पहिल्या महिन्याभराच्या औषधांनीच बहुतेक मुलांच्या रक्तात रोग दिसेनासा होतो. मूल खाऊ लागते, खेळू लागते. पण रोग दडून बसलेला असतो, म्हणून उपचार दोन ते तीन वर्षे चालवावे लागतात. इकडे मृग तोंडावर आलेला असतो. भाताची पेरणी, बटाट्याची लावण, गोठ्यात म्हैस, घरी दुसरी दोन लेकरे. शासकीय योजनेच्या कार्डावर औषधाचा खर्च बराचसा निघतो. पण परगावी राहण्याचा, जेवणाचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च कोण देणार? बाप म्हणतो, पोर तर बरे दिसते, चला घरी. काही महिन्यांनी रोग उलटतो, आणि उलटलेला रोग फार अवघड असतो.

या ठिकाणी डॉक्टरचे हात अपुरे पडतात, आणि साध्या माणसाचे हात कामाला येतात. माणसे या सेवेत का येतात याचे पहिले उत्तर आम्हांला इथेच दिसते. कर्करोग बरा करणे आपल्या हातात नाही. पण एका कुटुंबाला डोक्यावर छप्पर देणे, रुग्णालयात सोबत जाणे, रक्त देणे हे आहे. आपल्या दोन तासांनी काहीतरी अडलेले पुढे सरकते, हे माणसाला डोळ्यांनी दिसते.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि देशभरातून लेकरे घेऊन माणसे मुंबईला येऊ लागली. आजही त्या भागात पदपथावर बिऱ्हाड मांडलेली कुटुंबे दिसतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने आणि १९६८ साली स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृती समितीने अशा कितीतरी घरांना आसरा दिला. २००६ साली लोअर परळमध्ये सेंट ज्यूड्स ही संस्था सुरू झाली, ती खास मुलांसाठी. तिथे कुटुंबाला स्वतंत्र खोली विनामूल्य मिळते, आणि आई सामाईक स्वयंपाकघरात आपल्या हाताने स्वयंपाक करते. ही शेवटची गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. आयत्या ताटापेक्षा स्वतःच्या हातची भाकरी आईला उभे ठेवते.

दुसरे उत्तर असे की, पुष्कळ सेवक स्वतः त्याच रांगेत उभे राहिलेले असतात. २००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने ‘उगम’ हा गट निघाला. लहानपणी कर्करोगातून उठलेली आणि आता मोठी झालेली मुले त्यात आहेत. केस गेलेल्या पोराच्या आईला शंभर समजुतींनी जे पटत नाही, ते समोर धडधाकट तरुण येऊन ‘मलाही हेच झाले होते’ म्हणाला की पटते. ज्यांचे मूल गेले असे आईबापही सेवेला येतात. त्यांना का, असे विचारू नये.

दया येऊन येणारे पुष्कळ असतात, पण नुसत्या दयेवर माणूस फार दिवस टिकत नाही. वाढदिवसाला खेळणी वाटून फोटो काढून जाणाऱ्यांविषयी आम्ही अधिक काही लिहीत नाही. दर मंगळवारी येतो म्हणून दर मंगळवारी येणारा एकच माणूस त्या मुलाला हवा असतो. सर्दी-खोकला असेल त्या दिवशी मात्र त्याने घरी राहावे, कारण औषधांनी मुलाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. उघड्यावरचा खाऊ नेऊ नये. ‘नक्की बरा होईल’ असे वचनही देऊ नये.

आता आपल्या सांबऱ्याकडे वळू. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावात केएलईचे कर्करोग रुग्णालय सुरू झाले, त्यामुळे काहींची लांबची वाट वाचेल. तरी काही मुलांना मुंबई-बंगळूर गाठावेच लागेल. आपल्या सीमाभागातल्या माणसाला मराठी आणि कानडी दोन्ही येतात. कानडीच येणाऱ्या आईला परळमध्ये, किंवा मराठीच येणाऱ्या बापाला बंगळुरात, डॉक्टरचे बोलणे उलगडून सांगणारा माणूस मिळणे ही केवढी मदत आहे! रक्ताचेही तसेच. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट काढल्यावर साधारण पाचच दिवस टिकतात, म्हणून देणारा जवळपासच लागतो. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते.

दारातल्या सदाफुलीविषयीही सांगितले पाहिजे. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे व्हिन्क्रिस्टीन हे औषध याच झाडापासून मिळते, ही गोष्ट खरी. म्हणून पानांचा काढा पाजणे मात्र घातक आहे. झाड विषारी आहे आणि घरी मात्रा ठरवता येत नाही.

ज्यांना गाव सोडता येत नाही त्यांनी पैऱ्याने त्या घरची पेरणी उरकावी, म्हशीची धार काढून दूध त्यांच्याच नावावर डेअरीला घालावे. मूल शाळेत परत येण्याआधी गुरुजींनी वर्गाला सांगावे की गेलेले केस पुन्हा येतात. आणि वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला, तर त्याच दिवशी त्या घरी निरोप धाडावा, म्हणजे मुलाला वेळेत डॉक्टरकडे नेता येईल.