जुन्या ट्रॅक्टरांचा छंद : नवशिक्यांस दोन शब्द

कोणी तिकिटे जमवितो, कोणी नाणी. परंतु जुने ट्रॅक्टर दुरुस्त करून सांभाळणे हाही एक छंद आहे. इंग्लंड-अमेरिकेत अशा ट्रॅक्टरांचे मेळे भरतात. आपल्याकडे मात्र जुना ट्रॅक्टर पुष्कळदा गोठ्याआड गंजतो व अखेर वजनावर भंगारात जातो. त्याबरोबर तो दुरुस्त करू जाणणाऱ्या वृद्ध मिस्त्रींची विद्याही लोप पावते. ही हानी पैशाने भरून येणारी नव्हे.

जुने ते निरुपयोगी, हा समज खोटा आहे. पूर्वी मूर्तिजापूरहून आपल्या कारंजावरून यवतमाळास जात असलेल्या 'शकुंतला' गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे बनलेले होते. १९२३ पासून १९९४ पर्यंत ते धावत राहिले. निगा राखली म्हणजे यंत्र किती टिकते, याचा हा घरचाच दाखला होय.

आरंभ कोणत्या ट्रॅक्टरापासून करावा? जो जवळ आहे व ज्याचे सुटे भाग मिळतात, त्यापासून. १९५९ पासून फरिदाबादेस बनू लागलेला आयशर, १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा 'बी-२७५', अथवा झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या नमुन्यावरील एच.एम.टी., यांपैकी एखादा ओळखीच्या शेतकऱ्याकडे असू शकेल. प्रथम त्यावरील क्रमांकाची पट्टी वाचून वहीत नोंद करावी आणि मालकाकडून त्याचा इतिहास ऐकावा.

फार दिवस बंद असलेले इंजिन एकदम सुरू करू नये. नोझल काढून सिलिंडरात थोडे तेल सोडावे, ते मुरू द्यावे व मग इंजिन हाताने फिरवून पाहावे. फिरत नसल्यास बळजोरी करू नये, धीर धरावा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. म्हणून नळीत हवा अडकली तर फवारा नीट होत नाही. ती हवा कशी काढावी, हे जाणत्या मिस्त्रीजवळ उभे राहूनच शिकावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पूर्वी साखळीने जोडलेला नांगर दगडास अडला की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलत व तो चालकावर उलटे. हॅरी फर्ग्युसन यांनी नांगर तीन दांड्यांनी जोडण्याची युक्ती प्रचारात आणली. तीत वरची दांडी पुढे रेटा देते व पुढची चाके जमिनीस टेकून राहतात. १९४६ ते १९५६ या काळात या रचनेचे त्यांचे पाच लाखांहून अधिक 'टी.ई. २०' ट्रॅक्टर बनले. यावरून नियम हा की, ओढावयाचे ओझे मागच्या आसाहून उंच कधीही बांधू नये. जुन्या ट्रॅक्टरांस उलटल्यावर चालकास वाचविणारा सांगाडा नसतो. फिरत्या दांड्याजवळ सैल कपडे नसावेत, आणि परवान्यावाचून ट्रॅक्टर रस्त्यावर नेऊ नये.

नवशिक्याने संकोच मानू नये. आज जे मिस्त्री इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगतात, तेही एके काळी पाने उचलून देणारी मुलेच होती. येत्या सुट्टीत अशा एका वृद्धाजवळ जाऊन बसावे, विचारावे, लिहून घ्यावे. ट्रॅक्टर सुरू झाला तर उत्तमच. न झाला तरी ती विद्या आपल्या वहीत राहील, आणि आमच्या मते तीच या छंदाची खरी मिळकत होय.