संशयवाद्यास कोणते प्रमाण द्यावे?

काही वर्षांपूर्वी ऋद्धिपूर येथे यात्रेच्या वेळी एका वासनिक कुटुंबातील तरुणाने मला विचारले, "बाबा, परमेश्वर आहे हे कोणत्या प्रमाणाने मानावे?" तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने उपदेश घ्यावा अशी वडिलांची इच्छा. मनास पटले नसता उपदेश घेणे हे असत्याचरण होईल, असे त्याचे म्हणणे. मी त्यास असाध्य व्याधीतून बरे झालेल्या एका गृहस्थाची हकीकत सांगितली. तो शांतपणे म्हणाला, "असे अनुभव अन्य देवस्थानांचे भक्तही सांगतात. ते सारे खोटे काय?" खोटे म्हणवेना. तो दंडवत करून निघून गेला. माझे उत्तर अपुरे तर होतेच, पण आपल्याच शास्त्रास सोडून होते, हे मागाहून ध्यानात आले.

प्रत्यक्षावाचून दुसरे प्रमाण नाही, असे चार्वाकांचे मत. आजचा संशयवादीही बहुधा प्रत्यक्षच मागतो. नॉरवुड रसेल हॅन्सन हे अमेरिकन तत्त्वज्ञ १९६७ साली निवर्तले. आपण ईश्वर का मानीत नाही, हे सांगताना त्यांनी एक कल्पना मांडली आहे. एके सकाळी प्रचंड गडगडाट व्हावा, भूमी हादरावी, मेघ दुभंगून पर्वतप्राय तेजस्वी पुरुष साऱ्या जगास दिसावा, आणि त्याने हॅन्सन यांच्याकडेच बोट करून 'मी आहे' असे सर्वांस ऐकू जाईल असे सांगावे. असे घडले तर आपण ईश्वर मानू, असा त्यांचा कबुलीजबाब आहे.

मागणी प्रामाणिक आहे. परंतु महानुभावीय वाचकास तिच्यातील उणीव तत्काळ दिसावी. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ आपण परस्परभिन्न व नित्य मानतो. देवतांच्या ठायी सामर्थ्य आहे, त्या फळ देतात, भक्तास चमत्कारही दाखवितात. मग आकाशात प्रकटलेला तो पुरुष परमेश्वरच, हे कशावरून? गडगडाटाने फार तर एखादी देवता सिद्ध होईल. हॅन्सन यांनी, माझ्या मते, फारच स्वस्तात सौदा केला असता! माझ्या त्या हकीकतीचाही दोष हाच. व्याधिनिवारण खरे धरले तरी ते परमेश्वराचे असाधारण लक्षण नव्हे. (२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणेशमूर्ती दूध पितात अशी वार्ता देशभर पसरली. द्रवाच्या पृष्ठताणाने त्याचा उलगडा होतो असे शास्त्रज्ञांनी सांगितले. तो उलगडा झाला नसता, तरी आपल्या सिद्धांतास तिळमात्र बळ आले नसते.)

कार्यावरून कर्त्याचे अनुमान करावे, हा नैयायिकांचा मार्ग. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त तो विस्ताराने मांडला आहे. पण आपल्या मते सृष्टिरचनेचा व्यापार ईश्वरेच्छेने मायेकडून घडतो. म्हणून ते अनुमानही मायेपाशीच थांबते.

तर मग असाधारण लक्षण कोणते? मोक्षदान. देवतांची फळे नाशवंत. जीवास सोडविणारा एक परमेश्वरच. हे लक्षण डोळ्यांस दिसणारे नाही, छायाचित्रात येणारे नाही. सन्निधान असलेल्यांस जे लाभले, ते आज असन्निधानात आपल्यापर्यंत साक्षीच्या रूपानेच येते. येथे शंका येते की, साक्ष खोटी असू शकेल. ही शंका रास्त आहे, आणि ती म्हाइंभटांनाही ठाऊक होती. ते स्वतः विद्येच्या अभिमानाने वाद करण्याच्या हेतूने सर्वज्ञांकडे आले होते. पुढे सर्वज्ञांच्या लीळा जमविताना त्यांनी श्रीनागदेवाचार्यांकडून ऐकलेल्यावरही विसंबून न राहता, ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिली त्यांना गाठून शोधन केले. विश्वास बसल्यावर चौकशी थांबवावी, असे त्यांस वाटले नाही. सर्वज्ञ कोठे बसले, कोणाशी काय बोलले, महदाइसेच्या प्रश्नांस कसे उत्तर दिले, इतके बारीक तपशील त्यामुळे टिकले.

तथापि प्रामाणिक संशयवादी म्हणेल, "यावरून एक निःस्पृह, करुणामय पुरुष होऊन गेला हे मानतो. तो परमेश्वर होता हे कसे मानू?" या प्रश्नास त्याची जीभ बांधून टाकील असे उत्तर माझ्यापाशी नाही. स्मरण व आचार करून पहा, असे सांगावे, तर सवयीनेही निष्ठा उपजते असे तो म्हणेल. तेही अगदीच चूक नाही. ज्ञान हे परमेश्वराने द्यावयाचे, जीवाने युक्तिवादाने ओढून आणावयाचे नव्हे, असे आपणच मानतो. मग संशयवाद्याची बुद्धी अडली म्हणून त्यास दोष देण्याचा अधिकार आपल्यास कोठून आला?

दोन वर्षांनी तो तरुण पुन्हा भेटला. ती व्याधीची हकीकत मी परत घेतो, असे मी त्यास सांगितले. तो प्रथमच हसला. लीळाचरित्राची प्रत मागून घेऊन गेला. एकांक संपवून आता पूर्वार्ध वाचीत आहे, आणि समासात प्रश्न लिहून ठेवतो. उपदेश त्याने अद्याप घेतलेला नाही. "तुम्ही दोन शब्द जोर देऊन सांगा," असे त्याचे वडील मला म्हणाले. मी अजून सांगितलेले नाही.