किशोरवयीन रुग्ण, पालक आणि तद्विद्यसेवा

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आपल्या चिकित्सालयात आणि औषधालयाच्या काउंटरवर एक ठराविक मागणी सुरू होते. मुलाचे अभ्यासात लक्ष नाही, उलट उत्तरे देतो, रात्रभर जागतो. तेव्हा बुद्धी वाढेल असे काहीतरी द्या. आपणही ब्राह्मी, शंखपुष्पी, सारस्वतारिष्ट यांपैकी काहीतरी देतो. बहुसंख्य मुलांचे प्रकरण तेथेच मिटते आणि त्यात वावगे काही नाही. परंतु त्याच रांगेत अधूनमधून असा एखादा मुलगा वा मुलगी उभी असते, जिला बाटलीपेक्षा निराळ्या मदतीची निकड असते. आणि ती बाटलीच त्या मदतीला विलंब लावते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ या वयोगटात मनोविकारांचे प्रमाण सुमारे ७.३ टक्के आढळले होते. पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार मुले, असा त्याचा अर्थ होतो. प्रस्तुत लेख या मुलांविषयी आणि त्यांच्या पालकांविषयी आहे.

रुग्णवृत्त

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. रुग्ण वय वर्षे १६, इयत्ता अकरावी विज्ञान. वडिलांचे किराणा दुकान. कुटुंब माझ्या जुन्या परिचयाचे. दहावीला उत्तम गुण मिळवलेला हा मुलगा अकरावीच्या पहिल्या सहामाहीत दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला. वडिलांची तक्रार अशी की, मोबाइल सुटत नाही, कुणाशी धड बोलत नाही, काही विचारले की अंगावर येतो. परीक्षणात जिव्हा साम, मलावष्टंभ, क्षुधा मंद, निद्रा अल्प आणि खंडित. सारस्वतारिष्ट, रात्री त्रिफळा चूर्ण, पादाभ्यंग आणि रात्री दहानंतर मोबाइल बंद, अशी योजना केली. सहा आठवड्यांत कोष्ठ साफ झाले, भूक सुधारली. चिडचिड गेली, मुलगा शांत झाला. वडील समाधानी होते. तो शांतपणा मी उपशय समजलो.

पुढे मुलाची आई स्वतःच्या आम्लपित्तासाठी एकटीच आली. उठता उठता सहज म्हणाली, ‘‘डॉक्टर, त्याने आपली बॅट आणि पॅड मामेभावाला देऊन टाकले. धाकटीला म्हणतो, आईबाबांकडे लक्ष देत जा.’’ मी तिला पुन्हा बसवले. त्याच संध्याकाळी मुलाला बोलावले, वडिलांना बाहेर बाकावर थांबवले आणि त्याच्याशी एकट्याशी बोललो. जीवन संपवण्याचा विचार त्याच्या मनात दोन महिन्यांपासून होता. दोन महिने म्हणजे माझी चिकित्सा सुरू होती तो जवळजवळ सारा काळ.

काय विचारायचे राहिले

निदानस्थानात उन्मादाचे स्वरूप सांगताना चरकाचार्यांनी मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम सांगितला आहे. पदवीच्या परीक्षेत हे आठ शब्द आपण सर्वांनी लिहिले आहेत. प्रत्यक्षात मात्र पालक बुद्धी आणि स्मृती एवढ्याविषयीच बोलतात, कारण गुणपत्रिकेत तेवढेच दिसते; आणि आपणही तेवढेच नोंदवून घेतो. या मुलाची भक्ती, म्हणजे आवड, बदलली होती. क्रिकेटवेडा मुलगा तीन महिने मैदानावर फिरकला नव्हता. शील बदलले होते. आचार बदलला होता. स्नान, केस, कपडे यांकडे त्याचे लक्ष नव्हते. यांतले एकही मी विचारले नाही. प्रत्येक नैराश्य म्हणजे उन्माद नव्हे, हे मान्य. परंतु इतिहास घेण्याची चौकट म्हणून हे आठ शब्द आजही अत्यंत उपयुक्त आहेत. केसपेपरवर ते छापून घ्यावेत असे मी सुचवीन. पूर्वरूपांत सांगितलेली शिरःशून्यता, कर्णनाद, अन्नाची अनिच्छा ही लक्षणेही पुष्कळदा ‘अशक्तपणा’ या एका शब्दाखाली झाकली जातात.

वयाचाही विचार हवा. विमानस्थानात सोळा वर्षांपर्यंत अपरिपक्व धातूंचे बालवय आणि तेथून तिसाव्या वर्षापर्यंत धातू वाढत असतानाही सत्त्व प्रायः अनवस्थित, असे वर्णन आहे. पुढील नियोजन आणि संयम यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा अग्रभाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, असे आधुनिक शास्त्र सांगते. तेव्हा या वयातील थोडी अस्थिरता ही व्याधी नव्हे आणि प्रत्येक बंडखोर मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडण्याचेही कारण नाही. भेद करायचा तो बदलावरून. आधी जसा होता त्याहून तो निराळा झाला आहे का, तो निराळेपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला आहे का, आणि घर, शाळा व मित्र या तिन्ही ठिकाणी तो दिसतो का? स्वतःला इजा करणे, मरणाची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, नसलेले आवाज ऐकू येणे, घर सोडून जाणे, व्यसन, यांपैकी काही आढळल्यास मात्र दोन आठवडेही थांबू नये. पांडू, थायरॉइडचे विकार, मुलींमध्ये आर्तवाच्या तक्रारी यांची तपासणी करावीच, पण ती पाठवणी लांबवण्याची सबब होऊ नये.

मुलाशी एकट्याशी बोलणे हे परीक्षणाचे अंग आहे. पालक समोर असताना सोळा वर्षांचा मुलगा खरे बोलेल ही अपेक्षा भोळेपणाची ठरते. मरणाविषयी विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत निराधार आहे. साध्या मराठीत विचारावे, ‘‘कधी असे वाटते का रे, की आपण नसतो तर बरे झाले असते?’’ आणि उत्तरासाठी थांबावे. बोलणे गुप्त ठेवू असे सांगावे, पण जिवाला धोका असेल तर आईवडिलांना सांगावेच लागेल, हेही आधीच सांगावे. कोणी लैंगिक अत्याचार केल्याचे अठरा वर्षांखालील मुलाने सांगितले, तर पोक्सो कायद्यान्वये (२०१२) ती माहिती पोलिसांना देणे आपल्यावर बंधनकारक आहे. तेथे कुटुंबाची अब्रू हा मुद्दा गैरलागू ठरतो.

पराधिकार

काही वैद्यमित्रांना वाटते की रुग्ण दुसऱ्या शास्त्राकडे पाठवणे म्हणजे आयुर्वेदाचा पराभव मान्य करणे होय. आपले ग्रंथ तसे म्हणत नाहीत. पक्व गुल्माच्या प्रकरणात चरकाचार्य अधिकार धन्वंतरी संप्रदायाच्या शल्यविदांचा आहे असे स्वच्छ सांगतात, आणि नेत्ररोगांच्या संदर्भात पराधिकारात विस्तार नको असा संयम पाळतात. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात मानस व्याधीवरील उपाय सांगताना त्रिवर्गाचे अन्ववेक्षण आणि आत्मादींचे विज्ञान यांच्या बरोबरीने तद्विद्यसेवा सांगितली आहे. ती विद्या जाणणाऱ्याकडे जाणे हा तेथे उपचाराचाच भाग आहे. त्याच अध्यायातील सत्त्वावजय आपल्यापैकी किती जणांनी प्रत्यक्ष बसून शिकला आहे? मी तरी शिकलो नव्हतो. पदवीच्या अभ्यासक्रमात तो मुख्यतः व्याख्येपुरता येतो.

कायद्याची स्थितीही माहीत असावी. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आरोग्य व्यावसायिकाच्या व्याख्येत आयुर्वेदातील मनोविज्ञान व मानसरोग या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधराचा समावेश आहे. म्हणजे दार आपल्या शास्त्राला बंद नाही, केवळ बी.ए.एम.एस. पदवीवर मात्र ते उघडत नाही. उन्मादचिकित्सेत वर्णिलेले त्रासन, बंधन आदी उपाय आज कोणत्याही कारणाने करू नयेत. साखळीने बांधण्यास या अधिनियमानेच मनाई आहे. बाधा काढण्याच्या नावाखाली मुलाला मारहाण होत असेल, तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, हे पालकांना स्पष्टपणे सांगावे. दृष्ट काढणाऱ्या आजीशी मात्र भांडू नये. तिला वेगळे काम द्यावे. मुलाच्या उशाशी बसण्याचे काम तिच्याइतके चांगले कोणी करत नाही.

पालकांना तयार करणे

खरी कसोटी येथे लागते. वरील रुग्णाचे वडील पहिल्यांदा म्हणाले, ‘‘डॉक्टर, माझा पोरगा वेडा नाही.’’ मी म्हणालो, ‘‘वेडा आहे असे मी म्हटलेच नाही. झाडावरून पडून त्याचा हात मोडला असता, तर लेप लावून मी घरी पाठवले असते का?’’ ते गप्प झाले. पण पुढचा प्रश्न गावाचा होता. ओळखीचे कोणी पाहील म्हणून तालुक्यातील डॉक्टरांकडे जायची तयारी नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे ठरले. माझ्या मते अशा वेळी वाद घालू नये; लाज बाळगून का होईना, माणूस गेला म्हणजे झाले. तिसरी अडचण मुलाकडून आली. पूर्वी एका भांडणात वडिलांनीच त्याला ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे नेऊन टाकीन’ अशी धमकी दिली होती. आता तेच घडते आहे असे त्याला वाटले. वडिलांनी माझ्यासमोर ते शब्द मागे घेतले. ते सोपे गेले नाही. दुकानात दिवसभर बोलणारा हा माणूस मुलासमोर दोन वाक्ये बोलताना घामाघूम झाला.

त्या रात्रीसाठी दिलेल्या सूचना येथे नोंदवतो. मुलाला एकटे सोडू नये. घरातील व शेतातील कीटकनाशके, उंदराचे औषध आणि आजोबांच्या गोळ्या कुलुपात ठेवाव्यात. उपदेश करू नये, गुणांचा विषय काढू नये. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आईच्या मोबाइलमध्ये घालून दिला. ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, शासकीय रुग्णालयांतील किशोरांसाठीची मैत्री क्लिनिक आणि व्यसनाच्या बाबतीत पुण्याच्या मुक्तांगणसारखी १९८६ पासून काम करणारी संस्था, यांचे पत्ते प्रत्येक चिकित्सालयात असावेत.

औषधालयांसाठी

औषधालय चालविणाऱ्या बंधूंना एक विनंती आहे. झोप येत नाही म्हणून कोवळ्या वयाच्या मुलासाठी सर्पगंधायुक्त गोळी मागितली गेली, तर वैद्याच्या चिठ्ठीविना ती देऊ नये. सर्पगंधेतील रेसरपिन मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन आदींचे साठे घटवते. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांना ते वर्ज्य मानले जाते. निद्रानाश हे नैराश्याचेच लक्षण असेल, तर आपण नेमके उलटे औषध हाती देत असतो. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणाऱ्या मुलाला शंखपुष्पीयुक्त सिरप देतानाही विचारपूस करावी. त्याने फेनिटॉइनची रक्तातील पातळी खालावल्याचे नोंदले गेले आहे. मुलाला मानसोपचाराची औषधे सुरू असतील, तर ती आपल्या सांगण्यावरून अचानक बंद होता कामा नयेत. नैराश्यावरील औषधांच्या पहिल्या काही आठवड्यांत तरुण रुग्णांत आत्मघाताचे विचार वाढण्याची शक्यता असते. त्या काळात घरच्यांनी अधिक लक्ष ठेवावे, हे आपण सांगू शकतो.

पाठवल्यावर रुग्ण आपल्या हातून गेला असे होत नाही. या मुलाला औषध आणि समुपदेशन मिळून वर्षाहून अधिक काळ उपचार घ्यावे लागले. अकरावीचे वर्ष वाया गेले; पुढे त्याने वाणिज्य शाखा घेतली. त्या काळात अग्नी, कोष्ठ, अभ्यंग, झोपेची वेळ हे सारे मीच पाहत होतो आणि मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्येक औषधाची माहिती कळवत होतो. पाठवणीच्या पत्रात ‘कृपया पाहावे’ एवढेच लिहू नये. काय आढळले, मुलाने एकट्याने काय सांगितले, आपण कोणती औषधे किती दिवस दिली, हे सारे लिहावे. आपली चूक झाली असल्यास तीही लिहावी. पत्राची प्रत केसपेपरला जोडावी आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पालकांना आपणच दूरध्वनी करावा. पुष्कळ पत्रे खिशातच राहतात.