एकच पिन, अनेक उपकरणे : टाईप-सी जोडणीची ओळख व खरेदीतील दक्षता

मोबाईल हे आता बोलण्यापुरते साधन राहिलेले नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, फोटो घेऊन करावयाची पद्धत आली. खरीप २०२३ मधील सोयाबीन व कापूस उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरपर्यंत, साह्य देताना या नोंदीचा आधार घेण्यात आला. नांदेड व लातूर हे सोयाबीनचे जिल्हे. तेव्हा मुदतीच्या शेवटच्या दिवशी बॅटरी उतरली व हाताशी असलेल्या चार्जरची पिन जुळली नाही, तर नुकसान कोणाचे हे सांगावयास नको. म्हणून सर्व उपकरणांसाठी एकच ठरलेल्या ‘टाईप-सी’ जोडणीची माहिती प्रस्तुत लेखात देण्यात येत आहे.

एकच माप कशासाठी?

लातूरकरांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. लातूरला येणारी बार्शी लाईट रेल्वे अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावत असे. मोठ्या रेल्वेचा डबा त्यावर चालत नसल्याने माल उतरवून पुन्हा भरावा लागे. पुढे मिरज-लातूर मार्गाचे रुंदीकरण झाले. एप्रिल २०१६ च्या पाणीटंचाईत राजस्थानातील कोटा येथे स्वच्छ केलेल्या वाघिणी मिरजेत पाणी भरून थेट लातूरला पोचल्या. पहिल्या खेपेस १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. रुळांचे माप एक नसते तर हे पाणी वाटेत उतरवून घ्यावे लागले असते.

मोबाईलचेही असेच होते. बारीक गोल पिन, चपटी पिन, कंपनीची स्वतःची वेगळी पिन, असे अनेक प्रकार असल्याने फोन बदलला की चार्जर निकामी होई. टाईप-सी जोडणीचे प्रमाण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाईल फोनना ही जोडणी सक्तीची केली. ॲपल कंपनीनेही सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनला हीच पिन दिली. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये आय.एस./आय.ई.सी. ६२६८०-१-३ : २०२२ हे मानक जाहीर केले.

रचना व कार्य

या पिनमध्ये १२-१२ च्या दोन ओळींत एकूण २४ संपर्कबिंदू असतात. दोन्ही ओळी अशा मांडलेल्या असतात की पिन उलटी लावली तरी चालते. काही बिंदू वीज नेतात, काही माहिती नेतात, तर दोन बिंदू केवळ ‘समोर कोण आहे’ हे ओळखण्यासाठी असतात. ही ओळख पटल्याशिवाय प्रमाणित सी चार्जर वीज सोडत नाही. सुरुवात ५ व्होल्टने होते आणि उपकरणाने मागणी केल्यास ९, १५ किंवा २० व्होल्टपर्यंत दाब वाढविला जातो. त्यामुळे प्रमाणित मोठा चार्जर लहान फोनला लावला तरी अपाय होत नाही. फोन आपल्या गरजेपुरतीच वीज घेतो.

आकार एक, ताकद वेगळी

येथेच बहुतेकांची फसगत होते. सात फुटी रोटाव्हेटर लहान ट्रॅक्टरच्या तीन बिंदू जोडणीला अडकवता येतो, पण तो ओढण्याची ताकद ट्रॅक्टरमध्ये असावी लागते. तसेच पिनचे आहे. साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट वाहून नेते. ५ अँपिअरच्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असते व तिची क्षमता १०० वॅट, तर २०२१ नंतरच्या नव्या प्रकारात २४० वॅटपर्यंत असते. माहिती वहनातही असाच फरक आहे. अनेक चार्जिंग केबल सेकंदाला ४८० मेगाबिट या जुन्याच वेगाने फोटो पाठवितात, तर काही स्वस्त केबलमध्ये माहितीच्या तारा मुळीच नसतात.

खरेदी व वापराच्या शिफारशी

१) केबल व चार्जरवरील वॅट आणि अँपिअर वाचूनच खरेदी करावी. केबलवर काहीच छापलेले नसल्यास ती घेऊ नये.

२) बॅटरी, पंखा इत्यादी स्वस्त वस्तूंना सी छिद्र असले तरी काहींमध्ये ओळखीचे रोधक बसविलेले नसतात. अशी वस्तू दोन्ही टोकांना सी पिन असलेल्या केबलवर चार्ज होत नाही. दुकानातच लावून पाहावी.

३) कंपनीचे खास जलद चार्जिंग बहुधा त्याच कंपनीच्या चार्जर-केबलवर मिळते. इतर चार्जरवर फोन सावकाश भरतो. तो बिघाड नव्हे.

४) फवारणी पंपाच्या गोल पिनला वरील नियम लागू नाही. गोल पिन बसली तरी व्होल्ट जुळतीलच असे नाही, कारण तेथे ओळख पटविण्याची सोय नसते. लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जर लिथियम बॅटरीला कदापि लावू नये. आग लागण्याचा धोका असतो. पंपासोबत आलेल्या चार्जरवर रंगाने खूण करून ठेवावी.

५) मळणीच्या दिवसांत फोन धुळीपासून जपावा. छिद्रात भुसा अडकल्यास फोन बंद करून कोरड्या लाकडी काडीने हलकेच काढावा. सुई वापरू नये. ओला झालेला फोन पूर्ण वाळल्याशिवाय चार्जिंगला लावू नये.

६) बसस्थानकासारख्या ठिकाणी शक्यतो स्वतःचा चार्जर वापरावा. फोनने ‘फाईल ट्रान्स्फर’ विचारल्यास ‘फक्त चार्जिंग’ निवडावे.

घरात वेगवेगळे पाच चार्जर बाळगण्यापेक्षा योग्य क्षमतेचा एक प्रमाणित चार्जर व दोन चांगल्या केबल पुरेशा होतात. खर्च वाचतो व निकामी वस्तूंचा कचराही कमी होतो. मात्र पिन बसली म्हणजे काम झाले असे न समजता त्यावरील आकडे वाचण्याची सवय लावावी. बियाण्याच्या पिशवीवरील लेबल आपण जसे वाचून घेतो, तसेच हे समजावे.