शनिवारचे दोन तास दे गं!

स्वयंसेवी संस्थेत मदतीसाठी नाव दिलंस ना? मग आता पोटात गोळा कशाला? घर, नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची औषधं... सगळं ठाऊक आहे मला. खरं सांगू का, संस्थेला तुझा अख्खा दिवस नकोच आहे. आठवड्याला दोन तास दे, पण न चुकता दे. सुरुवातीला रोज हजर आणि नंतर फोनही न उचलणारे पुष्कळ येऊन जातात.

आणि हो, पहिल्याच दिवशी जुन्या कपड्यांचं बोचकं घेऊन जाऊ नकोस. काय हवंय ते आधी विचार. बघ, बऱ्याच घरांचं घोडं अडतं ते कागदांवर. नवरा गेलेली एखादी बाई येते, कॅरीबॅगेत सगळी कागदपत्रं कोंबलेली. आधारवर 'सुनीता', रेशनकार्डावर 'सुनंदा', बँकेत अजून माहेरचं आडनाव. तेवढ्यावरून अर्ज परत! संजय गांधी निराधार योजनेतून तिला महिन्याला १५०० रुपये मिळू शकतात, पण वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा तहसीलचा दाखला लागतो. बाप गेलेल्या लेकरांसाठी बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिना २२५० रुपये. त्या योजनेचा अर्ज मात्र महिला व बालविकास विभागाकडे. रोज बुडवून ती बाई किती ठिकाणी खेटे घालणार, सांग बरं? तिथे तू हवीस.

घाबरू नकोस. स्वतःच्या गॅसचं पुस्तक ऐनवेळी न सापडणारी मी हे करते, तर तुला काय अवघड? एक वही घाल. कुठला कागद कुठे दिला, पोच घेतली का, पुन्हा कधी बोलावलंय, एवढं लिहीत जा. मूळ कागद आपल्याकडे ठेवायचे नाहीत. झेरॉक्स काढायची आणि तिच्या हातात परत द्यायचे. तिच्या आधारचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकलास तर माझ्याशी गाठ आहे!

'तुझे पैसे मी मिळवून देते' असा शब्दही देऊ नकोस गं. मंजुरी आपल्या हातात नसते. 'अर्ज नीट भरून देऊ, सोबत येईन' एवढंच म्हण. जीव कळवळला तरी पर्समध्ये हात घालायचा नाही. संस्थेतल्या ताईंना सांग, मदत त्यांच्याकडून जाऊ दे. नाहीतर उद्या ती तुझ्याशी मोकळेपणाने बोलायलाच संकोचेल. मात्र तिच्या घरी गेलीस आणि तिने चहा टाकला, तर 'नको, नको' करत बसू नकोस. पी तो.

राहता राहिलं तुझं घर. शुक्रवारी रात्रीच सांगून टाक, सकाळी कुकर तुम्ही लावायचा. थोडी कुरकुर होईल, एखाद्या दिवशी डाळ कच्ची राहील, पण कुणी उपाशी राहणार नाही. चल, वही-पेन आत्ताच पिशवीत टाक. शनिवारी मला कारणं नकोत!